मधला मुक्काम : एका टेनिसपटूची शाळेपासून व्यवसायापर्यंतची वाटचाल

वार्षिक परीक्षा जवळ आली, की शाळेत एक प्रसंग हमखास घडतो. आंतरशालेय सामन्यांत पदक मिळवून आलेल्या एखाद्या मुलाचे आईवडील शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहतात आणि जरा चाचरतच म्हणतात, "सर, याचा खेळ आता बंद करावा म्हणतो. पुढचे वर्ष दहावीचे आहे." मुलगा खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरीत असतो. आम्ही शिक्षकही बहुधा मधलेच काहीतरी उत्तर देतो : "दोन्ही सांभाळता आले तर बरे." आईवडील मान डोलावतात, आणि पुढच्या महिन्यात तो मुलगा मैदानावर दिसेनासा होतो.

'दोन्ही सांभाळणे' हे शब्द सोपे आहेत. पण ते कोठे जमते, कोणत्या व्यवस्थेमुळे जमते, त्याला खर्च किती येतो आणि अखेरीस पदरात काय पडते, हे आम्ही कधी नीट सांगत नाही. या अंकाच्या निमित्ताने ते सांगावे, असे आम्ही योजिले आहे.

त्यासाठी आम्ही उदाहरण घेतले आहे ते टेनिसचे. आपल्या शाळांतून हा खेळ फारसा खेळला जात नाही, हे खरे. कबड्डीला किंवा फुटबॉलला एक मोकळे मैदान आणि चार सोबती पुरतात; तसे टेनिसचे नाही. तथापि या खेळात एक सोय आहे. खेळाडू शिडीच्या कोणत्या पायरीवर उभा आहे, हे त्यात आकड्यांनी दाखवता येते. शिवाय ज्याच्या वाटचालीवरून आम्हाला हा विषय मांडावयाचा आहे तो आपल्याच देशातला आहे. त्याचे नाव सोमदेव देववर्मन. पद्मश्री किताबाने गौरवलेल्या गृहस्थाचा एकेरी उल्लेख करणे शिष्टसंमत नव्हे. परंतु ज्याने आपले नाव एकेरीच्या सामन्यांतच कमावले, त्याला आम्ही या लेखापुरते 'तो' म्हटले तर वाचक क्षमा करतील, अशी आशा आहे.

पहिली पायरी

कुमार खेळाडूची सुरुवात जिल्ह्याच्या आणि राज्याच्या स्पर्धांतून होते. आपल्या देशात अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या वतीने १२, १४, १६ आणि १८ वर्षांखालील मुलामुलींच्या स्पर्धा भरतात. त्यांतील यशाप्रमाणे गुण मिळतात आणि गुणांप्रमाणे क्रमवारी लागते. त्यापुढे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या कुमार स्पर्धा येतात. तेरा वर्षे पूर्ण झाली, की त्यांत उतरता येते. आणि ज्या वर्षी खेळाडू अठरा वर्षांचा होतो, त्या वर्षाअखेर ते दार बंद होते. या स्पर्धांतही लहानमोठ्या प्रती आहेत. २०२३ पासून त्यांना जे-३०, जे-६०, जे-१०० येथपासून जे-५०० पर्यंत नावे दिलेली आहेत. हा आकडा विजेत्याला मिळणाऱ्या गुणांचा असतो. सर्वांत वर ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विंबल्डन आणि अमेरिकन या चार महास्पर्धांचे कुमार गट आहेत.

या पायरीवर भारताने वेळोवेळी मोठे नाव मिळवलेले आहे. १९५४ साली रामनाथन कृष्णन विंबल्डनचा कुमार विजेता ठरला. पंचवीस वर्षांनी, १९७९ साली, त्याचा पुत्र रमेश याने तेच अजिंक्यपद मिळवले. १९९० साली तो मान लिअँडर पेसला लाभला. २००९ साली युकी भांबरी ऑस्ट्रेलियन स्पर्धेचा कुमार विजेता झाला.

परंतु कुमार गटाचे अजिंक्यपद ही पुढच्या यशाची हुंडी नव्हे. ऑस्ट्रेलियात जिंकला तेव्हा युकी सोळा वर्षांचा होता. प्रौढांच्या एकेरीत त्याची सर्वोत्तम क्रमवारी ८३ झाली ती २०१८ साली, म्हणजे नऊ वर्षांनी. आणि मधला काळ दुखापतींशी झगडण्यातही गेला. एवढ्या गुणी मुलाची ही गत, तर जिल्ह्यात पहिल्या आलेल्या मुलाने काय समजावे? अठराव्या वर्षानंतर असे काय घडते?

दोन पायऱ्यांमधले अंतर

घडते ते असे. कुमार गटात समोरचा प्रतिस्पर्धी आपल्याच वयाचा असतो. प्रौढांच्या स्पर्धेत वयाचा आडपडदा राहत नाही. काल शाळा सोडलेल्या मुलासमोर दहा वर्षे मुरलेला, अंगापिंडाने भरलेला खेळाडू उभा राहतो. मुलाचे फटके तेच असतात. पण कुमार गटात ज्या फटक्याला उत्तर येत नसे, तो आता परत येतो, दुप्पट वेगाने येतो.

दुसरी अडचण पैशाची. व्यावसायिक टेनिसची सर्वांत खालची पायरी म्हणजे महासंघाच्या छोट्या स्पर्धा. पुरुषांसाठी त्यांतील एक प्रत एकूण १५,००० डॉलर पारितोषिकांची असते. ऐकताना हा आकडा मोठा वाटतो. पण तो सर्व खेळाडूंत वाटला जातो. एकेरीच्या विजेत्याच्या हाती सुमारे २,१०० डॉलर पडतात, आणि पहिल्या फेरीत हरणाऱ्याला दोनशे डॉलरही मिळत नाहीत. त्यातून कर वजा जातो. उलट विमानाचे भाडे, राहणे, जेवण, रॅकेटच्या तारा, बूट आणि जमल्यास शिक्षकाचे वेतन, हा खर्च प्रत्येक आठवड्याला ठरलेला. म्हणजे या पायरीवर वर्षभर बऱ्यापैकी जिंकणारा खेळाडूही बहुधा तोट्यातच असतो.

गुणांची कथाही तशीच आहे. या छोट्या स्पर्धेच्या विजेत्याला १५ गुण मिळतात. महास्पर्धेच्या विजेत्याला २,०००. या दोहोंच्या मध्ये 'चॅलेंजर' नावाच्या मधल्या स्पर्धा आणि त्यांच्यावर ए. टी. पी. या खेळाडूंच्या संघटनेच्या मोठ्या स्पर्धा आहेत. विंबल्डनच्या मुख्य फेरीत १२८ खेळाडू असतात. त्यांपैकी सरळ प्रवेश मिळतो तो जगातील पहिल्या शंभराच्या आसपास असलेल्यांना. बाकीच्यांनी पात्रता फेरीचे तीन सामने जिंकून यावे लागते. शिवाय मिळालेले गुण बावन्न आठवडेच टिकतात. गेल्या वर्षी या आठवड्यात मिळवलेले गुण यंदा त्याच आठवड्यात पुसले जातात, आणि त्यांच्या जागी नवे आणावे लागतात. खेळाडू आजारी पडून घरी बसला, तर शिडी त्याच्यासाठी थांबत नाही. ती त्याच्या पायांखालून सरकत राहते.

तेव्हा अठरा ते बावीस ही वर्षे टेनिसपटूच्या दृष्टीने सर्वांत अवघड होत. शरीर पुरते घडलेले नसते, खेळ पक्का झालेला नसतो, मिळकत नसते, आणि घरची पुंजी संपत आलेली असते. अनेक गुणी मुले याच वर्षांत खेळ सोडतात, ती खेळ येत नव्हता म्हणून नव्हे. वाट पाहण्याचे बळ नव्हते म्हणून.

हौशी आणि धंदेवाईक

ही वर्षे निभावून नेण्याची एक जुनी सोय अमेरिकेतील विद्यापीठांत आहे. ती समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९६८ पर्यंत टेनिसच्या महास्पर्धा केवळ हौशी खेळाडूंसाठी होत्या. पैसे घेऊन खेळणाऱ्याला धंदेवाईक म्हणत, आणि त्याला विंबल्डनचे दार बंद असे. १९६८ साली प्रथमच दोघांना एकत्र खेळण्याची मुभा मिळाली. त्या वर्षीची खुली अमेरिकन स्पर्धा आर्थर ॲश या तरुणाने जिंकली. तो सैन्यात अधिकारी होता आणि अद्याप हौशीच होता. त्यामुळे विजेत्याचे १४,००० डॉलरचे पारितोषिक त्याला घेता आले नाही. ते त्याच्याकडून हरलेल्या टॉम ओकर या डच खेळाडूला मिळाले.

हा ॲश १९४३ साली व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड गावी जन्मला. त्याचे वडील कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या एका क्रीडांगणाची देखभाल करीत. गोऱ्यांच्या कोर्टांवर खेळण्यास त्या काळी त्याला मज्जाव होता. अशा मुलाला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेने शिष्यवृत्ती दिली. १९६५ साली तो अमेरिकेतील सर्व महाविद्यालयांचा एकेरीचा विजेता झाला, १९६६ साली पदवीधर झाला, आणि १९७५ साली विंबल्डनचा विजेता झाला. विद्यापीठाने त्याला काय दिले? कोर्ट दिले, शिक्षक दिला, रोज तोलामोलाचे सोबती दिले. आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे चार वर्षांची मुदत दिली.

महाविद्यालयीन सामना

ही व्यवस्था नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे एन. सी. ए. ए., या संस्थेच्या नियमांनी चालते. खेळाडू प्रथम विद्यार्थी असावा लागतो. त्याने प्रत्येक सत्रात पुरेसे विषय घेतले पाहिजेत आणि ठरावीक गुणांच्या खाली जाता कामा नये. नाहीतर त्याला संघात खेळता येत नाही. हंगामात शिक्षकाने सक्तीचा सराव आठवड्याला वीस तासांहून अधिक घेऊ नये, असाही नियम आहे. सकाळी वर्ग, दुपारी कोर्ट, रात्री ग्रंथालय, असा दिनक्रम असतो. परगावी सामना असला, की बसमध्ये पुस्तक उघडावे लागते.

टेनिस हा एकट्याचा खेळ; पण महाविद्यालयात तो संघाचा होतो. दोन विद्यापीठांच्या सामन्यात एकूण सात गुण असतात. दुहेरीच्या तीन लढती होतात, आणि त्यांतील दोन जिंकणाऱ्या संघाला एक गुण मिळतो. मग एकेरीच्या सहा लढती सहा कोर्टांवर शेजारी शेजारी सुरू होतात. प्रत्येकीला एक गुण. चार गुण मिळवणारा संघ विजयी. विंबल्डनच्या प्रेक्षकांत जी शांतता पाळली जाते, ती येथे नसते. शेजारच्या कोर्टावरून सोबती ओरडून धीर देत असतात, प्रेक्षक प्रतिपक्षाला डिवचीत असतात. तीन गुण तीन अशी बरोबरी झाली, की सहाव्या क्रमांकाच्या एखाद्या मुलावर सारा भार येऊन पडतो. अशा वेळी हात कापत असताना सर्व्हिस करणे, हे कोणत्याही खाजगी शिकवणीत शिकवता येत नाही.

सोमदेवची चार वर्षे

सोमदेवचा जन्म १३ फेब्रुवारी १९८५ रोजी गुवाहाटीत झाला. घराणे त्रिपुरातले. तो वाढला आणि टेनिस शिकला तो मात्र चेन्नईत. कृष्णन पितापुत्रांप्रमाणे किंवा पेसप्रमाणे कुमार महास्पर्धेचे अजिंक्यपद त्याच्या नावावर नव्हते. तो फार उंच नव्हता, आणि प्रतिस्पर्ध्याला गारद करणारी सर्व्हिसही त्याच्यापाशी नव्हती. त्याचे भांडवल म्हणजे त्याचे पाय. कोर्टाच्या मागच्या रेषेवर राहून, या टोकापासून त्या टोकापर्यंत धावून, आलेला प्रत्येक चेंडू परत करावयाचा, ही त्याची रीत. अशा खेळाला पिकण्यास वेळ लागतो. अठराव्या वर्षी त्याने व्यावसायिक शिडीला हात घातला असता, तर त्याचे काय झाले असते, हे सांगणे कठीण आहे. पण तो वेळ त्याला तेथे मिळाला नसता, एवढे निश्चित.

२००४ साली तो अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात दाखल झाला. टॉमस जेफरसन यांनी १८१९ साली स्थापन केलेले हे विद्यापीठ शार्लट्सव्हिल गावी आहे. ॲशच्याच राज्यातले. सोमदेवने समाजशास्त्र हा विषय घेतला आणि विद्यापीठाच्या संघात खेळू लागला.

२००६ साली तो महाविद्यालयीन एकेरीच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि हरला. येथे आम्ही वाचकांना क्षणभर थांबण्याची विनंती करतो. व्यावसायिक स्पर्धांत हरलेल्या खेळाडूला दुसऱ्या दिवशी नव्या गावाचे तिकीट काढावे लागते. सोमदेव हरला, तो परतला आपल्या वसतिगृहात, आपल्या शिक्षकाकडे, आपल्या सोबत्यांत. चूक दुरुस्त करण्यास त्याला वर्ष मिळाले.

२००७ साली तो पुन्हा अंतिम सामन्यात आला. सामना जॉर्जिया राज्यातील अथेन्स गावी होता, आणि समोर होता जॉर्जिया विद्यापीठाचाच जॉन आयस्नर; म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे घर, त्याचेच कोर्ट, त्याचेच प्रेक्षक. आयस्नरची उंची सहा फूट दहा इंच. एवढ्या उंचीवरून आलेली सर्व्हिस टप्पा पडून समोरच्याच्या खांद्यावरून जाते. पहिला सेट सोमदेवने ७-६ असा घेतला, दुसरा आयस्नरने ६-४ असा. तिसऱ्यात पुन्हा सहा-सहा अशी बरोबरी झाली. अशा वेळी 'टायब्रेक' खेळतात. त्यात किमान दोन गुणांच्या आघाडीने प्रथम सात गुण मिळवणारा जिंकतो. तो टायब्रेक सोमदेवने जिंकला आणि अजिंक्यपद मिळवले.

२००८ साली, शेवटच्या वर्षी, त्याने ते राखले. त्या हंगामात त्याने ४५ सामने खेळले आणि त्यांपैकी ४४ जिंकले. त्याच वर्षी पदवी हाती घेऊन तो व्यावसायिक झाला. आता तो तेवीस वर्षांचा होता. शरीर भरले होते, खेळ पिकला होता, आणि उद्या सारेच फसले तरी हाती एक शिक्षण होते.

शिडीच्या वरच्या भागात

पुढे काय झाले? २००९ च्या जानेवारीत चेन्नईच्या ए. टी. पी. स्पर्धेत संयोजकांनी त्याला 'वाइल्ड कार्ड' दिले. क्रमवारीने प्रवेश मिळत नसताना संयोजक आपल्या अधिकारात जी जागा देतात, तिला हे नाव आहे. त्या वेळी त्याचा क्रमांक दोनशेच्या बाहेर होता. एके काळी जगात पहिला असलेल्या कार्लोस मोयाला हरवून आणि पुढे इव्हो कार्लोविचला हरवून तो अंतिम सामन्यापर्यंत गेला. तेथे क्रोएशियाच्या मारिन चिलिचने त्याला हरवले.

२०१० साली चेन्नईतच डेव्हिस चषकाच्या लढतीत ब्राझीलने पहिल्या दिवशी भारतावर २-० अशी आघाडी घेतली. सोमदेव स्वतः पहिल्या दिवशी हरलेला होता. दुहेरीचा सामना भारताने जिंकल्यावर चौथ्या सामन्यात सोमदेव टोमास बेलुचीसमोर उभा राहिला. कडक उन्हात बेलुची थकून सामना सोडून गेला, पाचवा सामना रोहन बोपण्णाने जिंकला, आणि भारत ३-२ असा विजयी झाला. संघासाठी खेळण्याची सवय महाविद्यालयात लागलेल्या खेळाडूला हा प्रसंग अनोळखी वाटला नसावा. त्याच वर्षी ऑक्टोबरात दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने एकेरीचे सुवर्णपदक मिळवले. नोव्हेंबरात ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत त्याने दोन सुवर्णपदके मिळवली : एक एकेरीचे, दुसरे सनम सिंगच्या साथीने दुहेरीचे. सनमही व्हर्जिनिया विद्यापीठाचाच विद्यार्थी होता.

२०११ साली जोहान्सबर्गच्या स्पर्धेत तो पुन्हा अंतिम सामन्यात आला आणि दक्षिण आफ्रिकेच्या केव्हिन अँडरसनकडून हरला. त्याच वर्षी जुलैत तो जगात ६२ वा झाला. ही त्याची सर्वोत्तम क्रमवारी. त्या वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार लाभला. पण २०१२ साली खांद्याच्या दुखापतीने त्याला बराच काळ घरी बसवले. आणि वर सांगितल्याप्रमाणे शिडी त्याच्या पायांखालून सरकली. तो पुन्हा चढला, २०१३ साली अमेरिकन स्पर्धेची पात्रता फेरी पार करून मुख्य फेरीतही खेळला. मात्र पूर्वीची उंची त्याला परत गाठता आली नाही. २०१७ च्या पहिल्या दिवशी त्याने निवृत्ती जाहीर केली. २०१८ साली त्याला पद्मश्री मिळाली.

आता हिशेब मांडू. ए. टी. पी. स्पर्धेचे एकेरीचे अजिंक्यपद सोमदेवला कधीच मिळाले नाही. दोन वेळा तो अंतिम सामन्यात हरला. मग हा मार्ग यशस्वी म्हणावा काय? आमचे उत्तर असे : कुमार गटातील मोठे अजिंक्यपद नसलेला, बेताच्या उंचीचा एक मुलगा जगातील अग्रगण्य सत्तर खेळाडूंत गेला, देशासाठी तीन सुवर्णपदके घेऊन आला, आणि एकतिसाव्या वर्षी थांबला तेव्हा रिकाम्या हाताने थांबला नाही. मधल्या मुक्कामाचे फळ ते हे.

सोमदेवच्या गोष्टीतील दोन नावे येथे पुन्हा आठवावीत. आयस्नर जॉर्जिया विद्यापीठात चार वर्षे शिकला होता. अँडरसन इलिनॉय विद्यापीठात तीन वर्षे होता. हे दोघे २०१८ साली विंबल्डनच्या उपांत्य सामन्यात समोरासमोर आले. तो सामना सहा तास छत्तीस मिनिटे चालला आणि पाचवा सेट अँडरसनने २६-२४ असा जिंकला. एकेकाळी महाविद्यालयात जाणे म्हणजे व्यावसायिक टेनिसची आशा सोडणे, असे पुष्कळांना वाटे. त्या दिवशी विंबल्डनच्या हिरवळीवर दोन जुने महाविद्यालयीन विद्यार्थी अंतिम सामन्यातील जागेसाठी झुंजत होते.

मुलींनाही ही वाट मोकळी आहे. व्हर्जिनिया विद्यापीठाचीच डॅनिएल कॉलिन्स महाविद्यालयीन अजिंक्यपद दोनदा मिळवून पुढे २०२२ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत गेली. आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल, तर श्रीरामपूर येथे १९९६ साली जन्मलेल्या ऋतुजा भोसले हिचे घ्यावे. ती टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकली आणि तेथील संघात खेळली. २०२३ साली हांगझू येथील आशियाई स्पर्धेत बोपण्णाच्या साथीने तिने मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. त्या अंतिम सामन्यात पहिला सेट या जोडीने गमावला होता. पुण्याचा अर्जुन कढे हाही ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातून पुढे व्यावसायिक टेनिसमध्ये गेला.

या मार्गाची दुसरी बाजू

हे सारे वाचून कोणी उद्याच अमेरिकेचा अर्ज मागवू नये. या मार्गालाही काटे आहेत.

पहिली गोष्ट, विद्यापीठाच्या शिक्षकाच्या नजरेत भरण्यापूर्वीच कुमार स्पर्धांचा खर्च झालेला असतो, आणि तो घरच्यांनी सोसलेला असतो. दुसरी गोष्ट, शिष्यवृत्त्या मोजक्या. सोमदेवच्या काळी पुरुषांच्या एका संघाला फक्त साडेचार पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी मदत देता येई, आणि ती आठदहा खेळाडूंत विभागली जाई. स्त्रियांच्या संघाला आठ शिष्यवृत्त्या असत. २०२५ पासून ही जुनी मर्यादा जाऊन संघातील खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली आहे. नियम असे बदलत असल्यामुळे ज्या वर्षी जावयाचे, त्या वर्षीचे नियम पाहूनच पाऊल टाकावे. तिसरी गोष्ट, शाळेतील गुण. संघाच्या शिक्षकाला खेळाडू पसंत पडला, तरी विद्यापीठाचा प्रवेश आणि एन. सी. ए. ए. ची पात्रता शाळेच्या गुणपत्रिकेवर अवलंबून असते. ज्याने खेळासाठी अभ्यास सोडला, त्याने या वाटेचे दार आपल्याच हाताने लावून घेतले, असे समजावे.

शिवाय ही वाट सर्वांसाठी नव्हे. स्पेनचा कार्लोस अल्काराझ एकोणिसाव्या वर्षी, २०२२ साली, अमेरिकन स्पर्धा जिंकून जगात पहिला झाला. त्याला चार वर्षे थांबण्याचे कारण नव्हते. पण असे अल्काराझ किती? उलट महाविद्यालयीन संघांत खेळणारे बहुतेक विद्यार्थी पुढे व्यावसायिक खेळाडू होतच नाहीत. ते अभियंते होतात, शिक्षक होतात, व्यापार करतात. आमच्या मते या व्यवस्थेचे खरे मोल येथेच आहे. तीत जो जिंकतो तो वर जातो. जो हरतो, त्याचेही आयुष्य हरत नाही.

आपल्याकडे काय आहे? गोव्याचे आणि महाराष्ट्राचे शालान्त मंडळ खेळाडूंना काही वाढीव गुण देते. आंतरविद्यापीठ स्पर्धा पूर्वीपासून आहेत, आणि २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडास्पर्धाही भरू लागल्या आहेत. हे चांगलेच आहे. पण खेळाडूला गुणांहून अधिक निकड असते ती वेळेची : बुडालेला धडा पुन्हा शिकवणाऱ्या शिक्षकाची, सामन्याच्या दिवशी आलेली चाचणी आठ दिवसांनी घेणाऱ्या शाळेची, आणि हरून आलेल्या मुलाला "आता पुरे" असे न म्हणणाऱ्या घराची. यासाठी सातासमुद्रापलीकडे जावे लागत नाही. एवढे तर आपल्या शाळेलाही करता येईल.

म्हणून यंदा परीक्षेच्या सुमारास जर कोणी आईवडील शिक्षकांच्या खोलीशी आले, तर आम्ही त्यांना मधले उत्तर देणार नाही. आम्ही त्यांना आत बोलावू, खुर्ची देऊ, आणि त्या मुलासमोरच कागदावर पुढच्या चार वर्षांचा हिशेब मांडू : किती स्पर्धा, किती खर्च, कोणते विषय, किती तास. हिशेब जमला नाही, तर खेळ हौसेपुरता ठेवावा. त्यात कमीपणा नाही. पण तो हिशेब मांडण्यापूर्वीच खेळ बंद करू नये. आणि त्या मुलाला आम्ही इतकेच सांगू, की बाळा, खांद्यावरच्या पिशवीत रॅकेट आहे तशीच गुणपत्रिकाही असू दे. वाटेत दोन्ही दाखवावी लागतात.